एक तास आकाश, पाच क्विंटल धान

श्रावणातली गोष्ट आहे. शाळेमागच्या बांध्यांमध्ये रोवणी चालू होती आणि मी चौथीच्या वर्गाला गुणाकार शिकवत होतो. एवढ्यात डोक्यावर घर्रर्र आवाज आला. झालं! मी खडू ठेवेपर्यंत वर्ग मोकळा. सगळी पोरं मैदानात आणि सगळ्यांच्या माना वर. मग काय, मीही बाहेर आलो.

ढगांच्या खालून एक छोटंसं पांढरं विमान चाललं होतं. खिडक्यांची लांब रांग असलेलं मोठं विमान नव्हे बरं का. पुढे एकच पंखा आणि आत दोन-चार माणसं मावतील एवढंच. रोवणाऱ्या बायासुद्धा कंबर सरळ करून बघत होत्या.

"सर," वर्गातली सगळ्यात शांत मुलगी म्हणाली, "हे इमान चालवाले किती पैसे लागते जी?"

सगळे हसले. "बाबाची बंडी इक, मंग चालव!" मागून कुणीतरी म्हणालं. मुलगी मात्र हसली नाही. तिला उत्तर हवं होतं. आणि खरं सांगू? ते मलाही ठाऊक नव्हतं. "उद्या सांगतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली. तो 'उद्या' उजाडायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे वाचलं, विचारलं आणि वर्गात फळ्यावर मांडलं, तेच आज तुम्हांला सांगतो.

ही विमानं येतात कुठून?

गोंदियाजवळ बिरसी नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमारास इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली. तेव्हा गोंदिया आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. वेगळा गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे तुमच्या आजी-आजोबांच्या दृष्टीनं बिरसीची धावपट्टी भंडाऱ्याचीच! युद्ध संपलं आणि पुढे बरीच वर्षं ती निवांत पडून होती. २००५ नंतर विमानतळ प्राधिकरणाकडे तिचा कारभार आला आणि तिथे वैमानिक घडवण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. शिकाऊ वैमानिक तिथून उडतात, नद्या, तलाव आणि रेल्वेचे रूळ खुणेला धरून वाट शोधायला शिकतात आणि परत येतात.

पण बिरसीला शिकणाऱ्यांना वैमानिक म्हणून नोकरी करायची असते. मुलीचा प्रश्न वेगळा होता. तिला नोकरी नको होती. आपण पोहायला जातो, सायकल फिरवतो, तसं केवळ हौसेनं कुणाला विमान चालवायचं असेल तर?

जगात असे हौशी वैमानिक पुष्कळ आहेत. आपल्या देशातही त्यांच्यासाठी वेगळा परवाना असतो, खाजगी वैमानिकाचा. तो घेतला की तुम्ही मित्राला, आईबाबांना शेजारी बसवून उडू शकता. मात्र त्याबद्दल कुणाकडून पैसे घेता येत नाहीत. हौस ती हौसच! शिकाऊ परवाना वयाच्या १६ व्या वर्षी मिळू शकतो आणि खाजगी परवाना १७ व्या. दहावी पास हवं, डॉक्टरी तपासणीत उतरायला हवं, हवामान, नियम आणि नकाशे यांच्या परीक्षा द्यायला हव्यात. आणि निदान ४० तास उड्डाण झालेलं हवं.

फळ्यावरचा हिशेब

विमानाचा खर्च दिवसावर किंवा किलोमीटरवर मोजत नाहीत, तासावर मोजतात. आपल्या देशात लहान विमानात एक तास शिकायला दहा हजारांहून जास्तच रुपये पडतात. विमान जसं मोठं, तसा दर चढतो. आम्ही वर्गात हिशेबाला १२,००० रुपये धरले.

"बारा हजार म्हणजे किती जी?" पोरांनी विचारलं. बरोबर आहे. आपल्याकडे मोठी रक्कम धानात सांगितली की लवकर समजते. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा सरकारी हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. मग पाच क्विंटलचे झाले ११,८४५. म्हणजे एक तास आकाशात फिरायचं तर जवळजवळ पाच क्विंटल धान द्यायचं!

आता चाळीस तास. चाळीस पंचे दोनशे. दोनशे क्विंटल धान! एकरी पंधरा क्विंटल धरले तर तेरा एकरांहून जास्त शेतीचं सगळं पीक. त्यात बियाणं, खत आणि रोवणीची मजुरी वजा केलेलीच नाही. रुपयांत मांडलं तर ४ लाख ८० हजार. वर्गात एकदम शांतता पसरली. आमच्या गावात तेरा एकरवाले शेतकरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके!

एवढा पैसा जातो कुठे?

पहिला खर्च इंधनाचा. सेसना १५२ नावाचं एक दोन आसनी विमान आहे. कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. ते तासाला सुमारे २३ लिटर इंधन पितं. एवढं पेट्रोल मोटारसायकलला मिळालं तर भंडाऱ्याहून मुंबई गाठून वर थोडं उरेल. आणि हे साधं पेट्रोलही नाही. त्याला 'ॲव्हगॅस' म्हणतात. आपल्या देशाला ते कितीतरी वर्षं परदेशातून आणावं लागे. इंडियन ऑइल कंपनीनं २०२२ साली वडोदऱ्याच्या कारखान्यात ते बनवायला सुरुवात केली. सगळीच छोटी विमानं मात्र ॲव्हगॅसवर उडत नाहीत. डायमंड कंपनीच्या काही विमानांचं इंजिन डिझेल इंजिनासारखं असतं आणि ते मोठ्या विमानांचंच इंधन वापरतं.

दुसरा खर्च देखभालीचा. सेसना १५२ चं उत्पादन १९८५ साली बंद झालं. तरी चाळीस वर्षांची विमानं अजून उडतात. कशी? ठरावीक तास भरले की विमान खोलून तपासलंच पाहिजे, असा नियम आहे म्हणून. साधारण दोन हजार तासांनंतर इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करावं लागतं. तो खर्च काही लाखांत जातो. म्हणून शहाणा मालक दर तासामागे थोडे पैसे बाजूला टाकतो. तुमच्या आईची भिशी असते ना, तशी ही इंजिनाची भिशी!

"तपासणी जरा कमी केली तर स्वस्त नाही का होणार?" एका चौकस मुलानं विचारलं. प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर आपल्याला जवळच मिळतं. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेलं एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात डोंगराळ जंगलात कोसळलं. शिकवणारा आणि शिकणारी, दोघंही गेले. अपघाताची कारणं अनेक असतात. हवा, डोंगर, यंत्र, माणसाची चूक. पण एक गोष्ट पक्की. रस्त्यात गाडी बंद पडली तर ती बाजूला लावता येते. आकाशात बाजूला जागा नसते. म्हणून इतर कुठेही काटकसर करावी, इथे नाही.

तिसरा खर्च म्हणजे खुद्द विमान. चार आसनी सेसना १७२ हे जगात सगळ्यांत जास्त संख्येनं बनलेलं विमान. ४४,००० हून अधिक बनली. तरी आज नवीन घ्यायचं तर तीन कोटी रुपयांच्या वर मोजावे लागतात.

मळणीयंत्राची युक्ती

मग हे फक्त कोट्यधीशांचंच काम का? इथे मी पोरांना विचारलं, "गावात धान चुरायची मशीन किती जणांकडे आहे?"

"दोघांकडे!"

"मग बाकीच्यांचं धान कोण चुरतं?"

"तेच मशीन येते जी. भाड्यानं."

बस्स, हीच युक्ती! समजा, विमान ठेवायची जागा, विमा, वर्षाची तपासणी असा मिळून वर्षाला सहा लाख रुपये खर्च आहे. हा आकडा फक्त गणितासाठी हं. मालक एकटाच असेल आणि वर्षात ५० तास उडाला, तर तासामागे १२,००० रुपये नुसते या खर्चाचे झाले, इंधन वेगळंच. पण दहा जणांनी मिळून तेच विमान ५०० तास उडवलं तर? तासाला फक्त १,२००! विमान तेच, खर्च तोच, दर मात्र दहावा हिस्सा. उभं असलेलं विमान सगळ्यांत महाग पडतं.

म्हणूनच उडण्याची हौस जगभर क्लबांच्या आधारानं वाढली. आपल्याकडे बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली निघाला. त्याच क्लबात शिकलेल्या २४ वर्षांच्या एका तरुणाला १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याचं नाव जे. आर. डी. टाटा! १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल घेऊन छोटं विमान त्यांनी स्वतः आणलं आणि तिथूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९८२ साली वयाच्या ७८ व्या वर्षी त्याच वाटेनं ते पुन्हा एकटे उडत आले. हौस म्हणतात ती अशी!

पण टाटा पडले श्रीमंत. साध्या घरच्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी सरकार क्लबांना अनुदान देई, म्हणजे तासाच्या खर्चाचा काही भाग स्वतः उचले. आणि एका मराठी माणसानं तर क्लबांसाठी विमानच तयार केलं. डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे, शिकले जर्मनीत. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात ते मुख्य रचनाकार होते. १९५१ साली त्यांचं एचटी-२ हे शिकाऊ विमान उडालं. मग क्लबांना परवडेल असं आणखी साधं विमान बनलं, त्याचं नाव 'पुष्पक'. १९५८ साली ते पहिल्यांदा उडालं. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढं, ९० अश्वशक्तीचं इंजिन आणि नळ्यांच्या सांगाड्यावर चक्क कापड ताणून बसवलेलं! अशी सुमारे दीडशे विमानं बनली आणि देशभरच्या क्लबांत गेली. रामायणातलं पुष्पक फक्त मोठ्यांना मिळालं. हे पुष्पक वर्गणीवाल्यांचं होतं.

आपल्या नागपूरलाही जुना फ्लाइंग क्लब आहे. मध्यंतरी काही वर्षं त्याची विमानं जमिनीवरच उभी राहिली होती. हिशेब आठवतो ना? क्लब कमी, विमानं कमी, उडणारे कमी, की तासाचा दर जास्त. दर जास्त म्हणून उडणारे आणखी कमी. असं हे चक्र फिरत राहतं. अमेरिकेत उलट आहे. तिथे सर्वांना खुले असे छोटे-मोठे मिळून सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. तिथल्या हौशी वैमानिकांच्या एका संघटनेनं १९९२ पासून ८ ते १७ वर्षांच्या मुलांना मोफत फेरी मारून आणायला सुरुवात केली. २०१६ पर्यंत अशा वीस लाख मुलांची फेरी झाली!

घरीच बनवलं तर?

हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. याचंही उत्तर महाराष्ट्रात आहे. कॅप्टन अमोल यादव हे वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उडवून पाहण्याची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याला ते हवेत गेलं. जिद्द केवढी! पण आकडे पुन्हा वाचा. गच्चीवरून दिसणारं आकाश खऱ्या अर्थानं गाठायला वर्षांमागून वर्षं लागली. घरी बनवणं हा स्वस्त मार्ग नाही, तो धीराचा मार्ग आहे.

खिसा रिकामा, तरी दार उघडं

मग आपल्यासारख्यांनी काय करायचं? दारं आहेत, दोस्तांनो.

पहिलं दार एनसीसीचं. एनसीसीला हवाई शाखाही असते. आपल्या विभागात नागपूरला तिचं पथक आहे. निवड झालेल्या कॉलेजच्या कॅडेटांना शिक्षकाबरोबर अगदी हलक्या विमानातून उडायला मिळतं आणि त्यासाठी घरून पैसे द्यावे लागत नाहीत. एनसीसीच्या एका विमानाचं नाव मोठं गमतीचं आहे, 'व्हायरस'! घाबरू नका, स्लोव्हेनिया देशातल्या कंपनीनं बनवलेलं हे दोन आसनी विमान आहे. याच्यासारख्या हलक्या विमानांचं ८० अश्वशक्तीचं इंजिन चांगल्या प्रतीच्या साध्या पेट्रोलवरही चालू शकतं आणि ते पितंही कमी.

दुसरं दार ग्लायडरचं. ग्लायडर म्हणजे इंजिनच नसलेलं विमान! पुण्याला हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग सेंटरवर कितीतरी साध्या घरच्या माणसांनी पहिल्यांदा आकाश पाहिलं. जमिनीवरचं यंत्र एक लांब दोर भराभर गुंडाळतं आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. उंचावर दोर सुटतो. मग घार जशी पंख न हलवता गरम हवेवर तरंगते, तसं तरंगायचं. इंधन नाही, म्हणून खर्चही थोडा.

तिसरं दार तुमच्या दप्तरात आहे. थर्माकोल, कार्डशीट, रबर आणि थोडा डिंक. पंख किती लांब, नाकावर वजन किती, शेपटी किती वर, हे नियम कार्डशीटच्या विमानालाही लागू पडतात आणि खऱ्यालाही. आमच्या वर्गात नाकाला मातीचा लहानसा गोळा लावल्यावर एक विमान शाळेच्या पायऱ्यांपासून थेट हातपंपापर्यंत गेलं. खर्च आठ रुपये.

पालकांसाठी चार शब्द

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील घरी आले. हातात एक गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. मुलगा बारावीत होता आणि पायलट व्हायचं म्हणत होता. "दीड एकर इकली तर होईल का जी?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी मला कळलं, की हौस आणि नोकरी यांतला फरक आपण मुलांना आणि स्वतःला सांगतच नाही. नोकरीसाठी लागणाऱ्या परवान्याला निदान २०० तास उड्डाण हवं. बारा हजारांनी गुणलं तरी चोवीस लाख होतात. त्यात राहणं, परीक्षा, मोठ्या विमानाचं प्रशिक्षण मिळवलं की रक्कम बहुधा चाळीस लाखांपलीकडे जाते. आणि परवाना म्हणजे नोकरी नव्हे. ही वाट वाईट नाही. पण ज्या दीड एकरावर घर जेवतं, तो विकून त्या वाटेवर पाऊल टाकायचं का, हे माहितीपत्रकातल्या फोटोनं ठरवू नये. शिष्यवृत्ती, बँकेचं कर्ज आणि त्याचा हप्ता, वायुसेनेची भरती, हे सगळं कागदावर मांडावं आणि मुलाला शेजारी बसवून मांडावं. आम्ही तेच केलं. पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या. वडील बराच वेळ गप्प बसले. मुलगाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, मी एका पोराचे पंख कापले.

तो नागपूरला कॉलेजात गेला. एनसीसीच्या हवाई शाखेसाठी पहिल्या वर्षी निवड झाली नाही, दुसऱ्या वर्षी झाली. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. आवाज इतका उंच, की बायकोलाही स्वयंपाकघरात ऐकू गेला. "सर, वीस मिनिटं! वीस मिनिटं वर होतो! खालून धानाच्या बांध्या पाटीवरच्या चौकटींसारख्या दिसत्यात!" मग जरा थांबून म्हणाला, "सर, हिशेब केला मी. जवळजवळ पावणेदोन क्विंटल धान फुकटात उडवलं!" दीड एकर जागेवर आहे. त्यात या वर्षीही रोवणी झाली.

आणि ती मुलगी?

फळ्यावर दोनशे क्विंटलचा आकडा लिहिला तेव्हा बाकीची पोरं हिरमुसली होती. ती मात्र वहीत काहीतरी भागत बसली होती. मला वाटलं, हिला गणित कळलं नाही. जवळ जाऊन पाहिलं, तर तिनं बारा हजारांना साठनं भागलं होतं.

"सर, एका मिनिटाचे दोनशे रुपये होते ना जी?"

"हो. बरोबर."

"मंग पाच मिनिटांचे हजार."

"हो."

तिनं वही बंद केली. "मले आधी पाच मिनिटं पुरे जी," ती म्हणाली.